उंबऱ्यातलं पाणी

मित्रांनो, पंधरा वर्षांची मुलगी म्हणजे तुमच्या लेखी शाळेत जाणारी पोर. मोटारीचं तसं नसतं. पंधरा वर्षं भरली की तिला जुनी म्हणतात आणि रस्त्यावर फिरायला ती अजून धड आहे की नाही, हे परिवहन कचेरीत नेऊन दाखवावं लागतं. मी अशीच एक जुनी, लहान बांध्याची, वांगी रंगाची मोटार आहे. राहायला रोह्याला. या उन्हाळ्यात माझे पंधरा दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला हौदात बुडवलं, भट्टीत तापवलं आणि एकावर एक रंगाचे थर दिले. शेवटचा थर बिनरंगाचा, काचेसारखा. त्याच्यावर हात फिरवून तिथला एक माणूस म्हणाला, "हिला जपलं तर म्हातारपणीही अशीच दिसेल." सगळं त्या 'जपलं तर' मध्ये होतं, पण तेव्हा मी नवी होते. मला वाटलं, जपणार नाही असं कोण असेल?

मला घरी आणलं वत्सलाबाईंनी. त्या रोह्याच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. वय त्रेपन्न. त्या वयात त्या मोटार शिकल्या, तेव्हा गल्लीतले लोक दारात उभे राहून बघायचे. "बाई, आज कुठल्या बाजूला जाणार ते आधीच सांगा, आम्ही दुसऱ्या बाजूला उभे राहतो," असं समोरचा किराणावाला म्हणायचा. वत्सलाबाई हसायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. आरसा नीट करायच्या, पट्टा लावायच्या आणि निघायच्या. वर्षाच्या आत त्या नागोठण्याचा घाट नसलेला पण खड्ड्यांनी भरलेला रस्ता अशा चालवू लागल्या की किराणावाला आपल्या बायकोला दवाखान्यात न्यायला त्यांनाच बोलवायचा.

त्यांचे यजमान गोपाळकृष्णराव माझ्या डाव्या सीटवर बसत. माणूस अतिशय टापटिपीचा. त्यांच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, रेडिओला प्लॅस्टिक, टेलिफोनच्या वहीला प्लॅस्टिक. "झाकलेली वस्तू टिकते," असं ते म्हणत. वत्सलाबाईंचं मत वेगळं होतं. त्या मला उघडी ठेवत, पण रविवारी स्वतः धूत. महामार्गाच्या कामाची बारीक लाल धूळ माझ्या अंगावर बसलेली असायची. ती कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावर ओरखडे उठतात. म्हणून त्या आधी नुसतं पाणी ओतत, धूळ वाहून जाऊ देत आणि मग मऊ झालेल्या जुन्या सुती साडीने पुसत. कावळ्याने घाण केली तर दुपारच्या उन्हात ती सुकायच्या आत ओल्या फडक्याने काढत. जांभळं पडायला लागली की मला झाडाखालून हलवत. मला त्यांनी कधी काही भारी लावलं नाही. पण माझ्या बॉनेटमध्ये अगदी परवापर्यंत त्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट दिसायची.

एका पावसाळ्यात कुंडलिका नदीचं पाणी आमच्या गल्लीत आलं आणि माझी चाकं अर्ध्यावर बुडाली. पाणी ओसरलं तेव्हा माझ्या खालच्या बाजूला सगळीकडे चिखल भरला होता. तो मी हळूहळू वाळवत होते. वत्सलाबाई त्या महिन्यात मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या. दसऱ्याला रस्त्याकडेला एक मंडप उभा राहिला. तिथे मोटारींना खालून काळा रबरी लेप मारून देत होते, आणि सवलत त्या दिवसापुरतीच होती. शेजारच्या मुलाला चालवायला बसवून गोपाळकृष्णराव मला तिकडे घेऊन गेले.

"खालून जरा चिखल आहे, धुवून आणू का?" त्यांनी विचारलं.

"कशाला काका? ह्याच्याखाली सगळं बंद होतं," मंडपातला माणूस म्हणाला.

आणि त्याने सगळं बंद केलं. चिखल बंद केला, त्यातली ओल बंद केली. माझ्या दारांच्या खाली एक आडवा पोकळ पत्रा असतो. घराला उंबरा असतो तसा तो माझा उंबरा. त्याला खालून बारीक भोकं असतात. पावसाचं आणि धुण्याचं पाणी दारातून आत उतरतं ते त्या भोकांतून बाहेर पडतं. त्या माणसाने तीही बुजवली. गोपाळकृष्णरावांनी हमीचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून माझ्या कप्प्यात ठेवलं. घरी येताना ते आनंदात होते. बायको आली की तिला खाली वाकून दाखवणार होते.

तेव्हापासून, मित्रांनो, माझ्या पोटात पाणी राहू लागलं.

वत्सलाबाई निवृत्त झाल्या तरी माझं काम थांबलं नाही. दर गुरुवारी आम्ही पेणजवळच्या गडब गावी जात असू. तिथे काशीबाई राहतात. दोघी एकाच शाळेत तीस वर्षं शेजारच्या वर्गांत शिकवत. काशीबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्या खाटेवर आहेत. वत्सलाबाई त्यांचे केस विंचरतात, वर्तमानपत्र वाचून दाखवतात, दोघी मिळून जुन्या मुख्याध्यापकांची नक्कल करतात. एसटीने गेलं तर महामार्गाच्या पलीकडे उतरावं लागतं. एवढा रुंद रस्ता, त्याच्यावरून डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे ट्रक. एकदा मी गॅरेजात होते म्हणून त्या एसटीने गेल्या. रस्ता ओलांडायला त्यांना अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्याच बसून राहिल्या होत्या.

मुलगा विराज पुण्याहून फोन करायचा. माझी पंधरा वर्षं भरत आली तेव्हा तो म्हणाला, "आई, तू आता अडुसष्टची. मला रोज धाकधूक असते. एक ठरवू. गाडी पास झाली तर चालव, मी परत विषय काढणार नाही. नापास झाली तर भंगारात द्यायची आणि तू किल्ली कायमची खाली ठेवायची. नवी घ्यायची नाही. कबूल?"

वत्सलाबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कबूल."

फोन ठेवल्यावर त्या बाहेर आल्या आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. नजर वरूनच. टपावर रंग जरा फिका पडला होता, दाराला एक जुनी खोक होती. "अहो, ही अशी पेणच्या परिवहन कचेरीत नेली तर बघताक्षणी नापास करतील," त्या म्हणाल्या. "हिला काहीतरी लावून घ्यायला हवं. चकचकीत दिसली पाहिजे."

"खालून काळजीच नाही," गोपाळकृष्णराव म्हणाले. "खालून मी आधीच करून घेतलंय."

 उंबऱ्याचा पत्रा आतून सडायला लागला होता, हे मला ठाऊक होतं. वत्सलाबाईंनी ब्रेक दाबला की आत पाणी पुढे धावायचं, गाडी सुटली की मागे जायचं. खळ्ळ, खळ्ळ.

"कसला आवाज येतोय हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"पाण्याची बाटली असेल मागे," गोपाळकृष्णराव म्हणाले.

बाटली त्यांच्याच मांडीवर होती. वत्सलाबाईंनी रेडिओ लावला. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच बोलले असते. पुढचे दहा दिवस मी दर वळणावर तो आवाज जास्त मोठा व्हावा म्हणून धडपडत होते. पण मोटारीला एवढंच जमतं, आणि माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याला ऐकू येत नाही.

तपासणी गुरुवारी होती. त्याच्या आधीच्या सोमवारी आम्ही पेणला निघालो. मागच्या सीटवर रंभा होती. ती वत्सलाबाईंची जुनी विद्यार्थिनी. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवते. आठवडाभर पेणला बहिणीकडे राहते आणि सोमवारी आम्ही पेणच्या बाजाराला जातो तेव्हा आमच्याबरोबर येते.

"काय गो रंभा, भूगोलात नापास झालीस ती झालीस, पण पेणला पोचलीस की नाही?" वत्सलाबाई तिला दर सोमवारी हेच म्हणत.

"तुमच्याच गाडीतून पोचतंय बाई. नकाशा वाचाया शिकले असते तर पायी आले असते."

महामार्गालगत ऋत्विकचं गाड्या चमकवायचं दुकान होतं. ऋत्विक गडबचा. शेतकऱ्याच्या घरातला, पण हात मोटारीवर बसलेला. त्याने माझ्यावर पांढरा दिवा धरला आणि बोटाने रंग चाचपला.

"मावशी, रंग अजून चांगला हाय. हाताने जपलेली दिसते."

"ते राहू दे. आता काय लावायचं ते सांग."

"मेण लावलं तर आज चमकंल, पण दोन पावसांत जाईल. सिरॅमिक केलं तर काचेवाणी थर बसतो, पाणी टिकत नाय, धूळ चटकन निघते, दोन-तीन वर्षं बघायला नको. आणि फिल्म असते. ती अंगावर पातळ कातडीसारखी बसते, खडा लागला तरी रंगाला काय होत नाय. पण ती नव्या गाडीला. तुमच्या गाडीला फिल्म म्हणजे..." तो थांबला.

"म्हणजे म्हातारीला शालू. बोल की," वत्सलाबाई म्हणाल्या.

"तसं नाय मावशी."

"तसंच आहे. सिरॅमिक कर. गुरुवारी सकाळी ही नवरीसारखी दिसली पाहिजे."

गोपाळकृष्णराव खूश झाले. "वरून हे आणि खालून आपलं ते. मग कुठून गंज येणार?"

ऋत्विकने मला धुतलं, चिकणमातीच्या वडीने रंगातली कच काढली आणि लेपाची बाटली उघडायला घेतली.  तो थर एकदा बसला की मला कुणी खालून बघणार नव्हतं. गुरुवारी तपासणीच्या खड्ड्यावर उभी केल्यावर तपासनीसाचा हात लागला असता आणि सगळं बाहेर पडलं असतं. किल्ली गेली असती. आणि काशीबाईंचे केस कोणी विंचरले असते?

रंभाचा कारखाना जवळच होता, पण तो दहाला उघडायचा. म्हणून ती माझ्या शेजारी, सावलीत, पायरीवर बसली होती. बसल्या बसल्या तिने बोट वाकवलं आणि माझ्या दाराखाली ठोकलं. तिला सवयच होती. शाडूची मूर्ती वरून वाळल्यासारखी दिसते, पण खाली पाटाजवळ ओल असते. तशीच रंगवली तर चार दिवसांत पोपडे येतात. म्हणून रंगाचा ब्रश हातात घ्यायच्या आधी ती प्रत्येक मूर्तीला बुडाशी ठोकून बघायची. कोरडी मूर्ती टणकन वाजते. ओली वाजतच नाही.

तिने माझ्या पुढच्या बाजूला ठोकलं. टण. मागच्या बाजूला ठोकलं. थप.

ती उठली, पलीकडच्या बाजूला जाऊन ठोकलं. थप. मग तिने कान लावला.

"बाई," ती म्हणाली, "ही रंगवू नका. ओली हाय."

"अगं, आत्ताच धुतली ना."

"वरून न्हाय. आतून ओली हाय. आमच्या कारखान्यात अशा मूर्तीला मालक हात लावू देत न्हाय."

ऋत्विक हसला. "रंभाताई, ही गाडी हाय, गणपती नाय."

"मंग तूच ठोक."

त्याने ठोकलं. एकदा, दोनदा. हसणं थांबलं. बाटलीचं झाकण लावून त्याने ती खाली ठेवली, पाठीवर पडून माझ्याखाली सरकला आणि स्क्रूड्रायव्हरने काळ्या लेपाला एक टोक मारलं. लेप फाटला आणि गढूळ तांबडं पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आत गेला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

 पाणी बराच वेळ पडत राहिलं. मला लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

ऋत्विकने फोन करून वडिलांना बोलावलं. गुणाजी गडबला भातशेती करतात आणि वेल्डिंगही. ते आले, वाकले, बोटाने चाचपून म्हणाले, "बाई, हितं पत्रा न्हाय. नुसता रंग उभा हाय."

गोपाळकृष्णराव माझ्या कप्प्यातून ते हमीचं कार्ड काढून हातात धरून उभे होते. "मी म्हटलं होतं त्याला," ते हळू आवाजात म्हणाले, "चिखल आहे म्हणून. मी म्हटलं होतं. पण सवलत होती."

वत्सलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बसा तुम्ही सावलीत." मग ऋत्विककडे वळल्या. "गुरुवारपर्यंत काय होईल?"

"सिरॅमिक होईल. आज मारतो, बुधवारपर्यंत बसतं. पण खालचं तसंच राहील. खालचं करायचं तर सगळा काळा लेप खरवडायचा, सडका पत्रा कापायचा, नवा जोडायचा, आणि उन्हात वाळवायचा. मंग वांगी रंग जुळवायला वेळ नाय उरणार. खालून गंज अडवणाऱ्या प्रायमरचा तांबडा पट्टा दिसंल." तो जरा थांबला. "मावशी, आता मी वरून सिरॅमिक मारलं तर माझं काम होईल, तुमचं नाय होणार."

"आणि तांबडा पट्टा बघून त्यांनी नापास केली तर?"

"ते मी कसं सांगू?"

 वत्सलाबाई माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या.  शेवटी त्या म्हणाल्या, "खरवडा."

गुणाजींनी मला गडबला आपल्या अंगणात नेलं. दोन दिवस ते, ऋत्विक आणि गोपाळकृष्णराव काम करत होते. हो, गोपाळकृष्णरावही. एका चौरंगावर बसून तारेच्या ब्रशने ते चिखल खरवडत होते. गुणाजी म्हणाले, "साहेब, राहू द्या, तुमचं काम न्हाय." ते म्हणाले, "माझंच आहे." नवा पत्रा जोडला, भोकं मोकळी ठेवली, तांबडा प्रायमर दिला आणि बुधवारी दिवसभर मला उन्हात उभं केलं. रंभाने पेणहून फोनवर बजावलं होतं, "ठोकल्याबिगर हात लावू नका." गुणाजींनी खरोखर ठोकलं. टण. मगच उंबऱ्याच्या आत पातळ तेलाचा फवारा मारला. वरून फक्त मेण.

गुरुवारी मी परिवहन कचेरीच्या रांगेत उभी राहिले तेव्हा माझं वरचं अंग वांगी आणि खालचा काठ तांबडा होता. पुढे-मागे चकचकीत गाड्या. वत्सलाबाईंनी पदराने घाम पुसला. आरसा दोनदा नीट केला, गरज नसताना.

तपासनीस तरुण होता. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, धूर पाहिला. मग तांबड्या काठापाशी थांबला.

"हे काय?"

"सडलं होतं," वत्सलाबाई म्हणाल्या. "कापून नवं घातलंय. रंग द्यायला वेळ मिळाला नाही."

"कधी केलं?"

"काल वाळलं."

मला वाटलं, संपलं. त्याने खिशातून लहान हातोडी काढली आणि खाली बसला. पुढे ठोकलं, मधे ठोकलं, मागे ठोकलं. पलीकडे गेला. प्रत्येक ठोक्याला गोपाळकृष्णरावांचे डोळे मिटत होते. मी जेवढी म्हणून वाजू शकत होते तेवढी वाजले.

तो उठला आणि गुडघे झाडले. "मावशी, लोक आमच्याकडे येताना खाली काळं फासून आणतात. मग आम्हाला टोचून बघावं लागतं. तुम्ही उघडं आणलंत ते बरं केलंत." आणि त्याने मला रस्त्यावर फिरायला परवानगी देणाऱ्या कागदावर सही केली. पाच वर्षं.

वत्सलाबाईंनी विराजला फोन केला. "पास," एवढंच म्हणाल्या. पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण त्या म्हणाल्या, "हो रे, सावकाशच चालवते." मग त्या घरच्या रस्त्याला लागल्याच नाहीत. गुरुवार होता. गडबला काशीबाई वाट बघत होत्या.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोटारीला काही लावायचं ठरलं तर जरूर लावू द्या. मेण लावा, काचेसारखा थर द्या, नवी असेल तर फिल्म चढवा. यातलं काहीच वाईट नाही. फक्त आधी तिला धुवा, वाळू द्या आणि मोठ्या माणसांना सांगा की एकदा गुडघ्यावर बसून तिच्याखाली बघा. आम्हाला वरून सुंदर दिसायला आवडतं, पण आमचा जीव खाली असतो. तिथे काय चाललंय ते तुम्ही विचारल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही.

पाऊस आता पंधरा दिवसांवर आला आहे. मला भीती वाटते, नाही म्हणत नाही. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे. काल रविवार होता. वत्सलाबाईंनी मला धुतलं आणि मग, दुखऱ्या गुडघ्यांनी, फरशीवर बसल्या. केरसुणीतली एक काडी मोडून त्यांनी माझ्या उंबऱ्याच्या एकेका भोकात घालून पाहिली. गोपाळकृष्णराव टॉर्च धरून उभे होते. आतलं पाणी थेंबाथेंबाने बाहेर आलं, आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत दोघंही तिथून हलले नाहीत.